चूक नेमाची की माशीची?

डिसेंबर १९९४ मधली गोष्ट. अकोल्याजवळ एन.सी.सी.चे शिबिर होते. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे आणि नुकतीच एन.सी.सी.ची जबाबदारी माझ्याकडे आली होती. चांदमारीच्या दिवशी मुलींच्या संघासाठी चार जणी निवडायच्या होत्या. पॉइंट टू-टू रायफल, अंतर २५ मीटर, प्रत्येकीला पाच गोळ्या. कागद आले की काळ्या वर्तुळात किती छिद्रे पडली ते मोजायचे आणि वहीत लिहायचे, एवढाच माझा हिशेब.

बार्शिटाकळीकडच्या एका खेड्यातली आठवीची मुलगी होती. तिच्या कागदावर काळ्या वर्तुळात एकही छिद्र नव्हते. पाचही गोळ्या डावीकडे खाली. "कुठी धरतं वं नेम?" मी जरा चिडूनच विचारले. ती घाबरून म्हणाली, "म्या त मधातच धरला जी, सर." मी तिच्या नावावर काट मारली. तिच्या पुढच्या मुलीच्या गोळ्या कागदभर पसरल्या होत्या, पण त्यांतल्या दोन काळ्यात होत्या. तिचे नाव यादीत घेतले.

शिबिराचे सुभेदार साहेब मागे उभे होते. त्यांनी टाकून दिलेला कागद उचलला, खिशातून एक रुपयाचे नाणे काढले आणि त्या पाच छिद्रांवर ठेवले. पाचही छिद्रे नाण्याखाली झाकली गेली. ते म्हणाले, "मास्टरजी, बच्ची ठीक है. पाँचों गोली एक सिक्के के नीचे हैं. गलती राइफल की है, ज़ीरो करवाइए."

मी वर्गात दरवर्षी व्हर्निअर कॅलिपर आणि स्क्रू गेजची शून्य त्रुटी शिकवत होतो. जबडे मिटले असताना शून्याशी शून्य जुळत नसेल, तर किती फरक आहे ते आधी टिपायचे आणि प्रत्येक वाचनातून तेवढे वजा करायचे. बंदुकीलाही अशीच शून्य त्रुटी असते आणि ती काढण्याला चांदमारीवर 'झिरो करणे' म्हणतात, हे मात्र मला त्या दिवशी कळले. ही दुरुस्ती कशी होते आणि तिच्यामागे कोणते विज्ञान आहे, ते या लेखात पाहू.

दोन वेगळ्या चुका

एखाद्या मोजमापात दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली विखुरण्याची. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करूनही दर वेळी उत्तर थोडे इकडेतिकडे होते. नेम धरताना श्वास हलतो, बोटाचा दाब कमीजास्त होतो, काडतुसातली दारू अगदी सारखी नसते. या कारणांनी गोळ्या एका बिंदूभोवती पसरतात. या पसाऱ्याला चांदमारीवर 'ग्रुप' म्हणतात.

दुसरी चूक सरकण्याची. येथे सगळी उत्तरे एकाच बाजूला तेवढ्याच अंतराने सरकलेली असतात. तराजूच्या एका पारड्याला चिखल चिकटला असेल तर प्रत्येक गिऱ्हाइकाचे माप सारखेच चुकते, तसेच हे.

बंदुकीची साइट सरकवून दुसरी चूक संपूर्ण काढता येते. पहिली चूक साइटला हात लावून एका मिलिमीटरनेही कमी होत नाही. तिला सराव, चांगली बैठक, श्वासावर ताबा हेच उपाय. म्हणून आधी ग्रुप पाहायचा आणि मग ग्रुपचे मध्य पाहायचे. मी नेमके उलटे केले होते. विखुरलेल्या गोळ्यांपैकी दोन योगायोगाने काळ्यात पडल्या, तो योगायोग मी कौशल्य म्हणून मोजला. आणि जिचे कौशल्य खरे होते तिला रायफलच्या चुकीची शिक्षा दिली.

जेथे पसारा फार मोठा असतो तेथे शून्य शोधण्यालाही अर्थ उरत नाही. याचे उदाहरण आपल्या वऱ्हाडातच आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे, आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी आजच्या अमरावती जिल्ह्यातील गाविलगडावर, आर्थर वेलस्लीच्या फौजा लढल्या. त्यांच्या पायदळाच्या हाती गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या. अशा बंदुकीला मागची साइट नसेच. नळीच्या टोकाशी संगीन अडकवण्यासाठी जो खुंट असे, त्याच्यावरूनच अंदाजे रोख धरायचा. नळीत सैल बसणारी गोल गोळी दर वेळी वेगळ्या दिशेने बाहेर पडे. अशा बंदुकीला बारीक साइट लावून काहीच साधले नसते. पुढे नळीच्या आतून पिळाचे खाचे पाडले जाऊ लागले, गोळीला स्वतःभोवती गिरकी मिळू लागली आणि ती आपला अक्ष धरून जाऊ लागली. पसारा आटला, तेव्हा कोठे साइटला किंमत आली.

माशी आणि मागचे छिद्र

दुर्बीण नसलेल्या रायफलीवर नेम धरण्यासाठी दोन लोखंडी भाग असतात. नळीच्या टोकाजवळ एक उभी कांडी असते, तिला बोलीत माशी म्हणतात. डोळ्याजवळ एक खाच किंवा लहान छिद्र असते. छिद्रातून पाहत माशीचे टोक लक्ष्यावर आणायचे. डोळा, छिद्र, माशी आणि लक्ष्य एका सरळ रेषेत आले की नेम धरला गेला. सैन्याच्या हिंदीत याला 'शिस्त लेना' म्हणतात. मराठी मुलांना या शब्दाची गंमत वाटते, कारण आपल्याकडे शिस्त म्हणजे रांगेत नीट उभे राहणे. येथेही चार वस्तूंना रांगेतच उभे करायचे असते.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आपण लक्ष्यावर रोखतो ती ही दृष्टिरेषा. गोळी मात्र दृष्टिरेषेवरून जात नाही, ती नळीच्या अक्षावरून निघते. या दोन वेगळ्या रेषा आहेत. दृष्टिरेषा नळीच्या काही सेंटीमीटर वर असते. शिवाय गोळी नळीतून सुटताच गुरुत्वाकर्षणाने खाली येऊ लागते. पॉइंट टू-टूची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघते असे धरू. २५ मीटर जायला तिला सुमारे ०.०७६ सेकंद लागतात. तेवढ्यात ती किती पडेल? अर्धे गुणिले ९.८ गुणिले वेळेचा वर्ग, म्हणजे सुमारे २.८ सेंटीमीटर. झाडावरून पडणारे बोर तेवढ्या वेळात जेवढे खाली येते तेवढेच.

म्हणून नळीचे तोंड दृष्टिरेषेच्या मानाने किंचित वर रोखलेले ठेवतात. गोळी खालून येते, दृष्टिरेषा ओलांडून थोडी वर जाते आणि पुढे कोठेतरी पुन्हा ती रेषा ओलांडून खाली येते. म्हणजे वक्र आणि सरळ रेषा दोन ठिकाणी छेदतात. झिरो करणे म्हणजे यांतला एक छेदनबिंदू आपल्याला हव्या त्या अंतरावर आणून ठेवणे. त्यामुळे 'ही रायफल झिरो केलेली आहे' हे वाक्य अपुरे आहे. किती मीटरवर, हे सांगितल्याखेरीज त्याला अर्थ नाही.

एस.एल.आर.चे उदाहरण

भारतीय सैन्याने १९६० च्या दशकात ७.६२ मिलिमीटरची सेल्फ लोडिंग रायफल, म्हणजे एस.एल.आर., घेतली. बेल्जियमच्या एफ.ए.एल. रायफलीच्या धर्तीची ही रायफल बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात बनू लागली. सैन्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून इन्सास रायफल तिची जागा घेऊ लागली, तरी राज्यांच्या पोलीस दलांत ती पुढेही राहिली. अमरावतीला राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ९ आहे. अशा दलांमुळे आपल्या भागातल्या लोकांच्या ती पाहण्यातली.

ही अर्धस्वयंचलित रायफल आहे. गोळी नळीतून पुढे जात असताना तिच्यामागच्या गरम वायूचा थोडा भाग नळीवरच्या छिद्रातून बाजूला वळतो, एका दट्ट्याला मागे ढकलतो, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत बसते. घोडा एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढची आपोआप तयार असते. झिरो करणाऱ्याला याचा एक फायदा आहे आणि एक धोका. फायदा असा, की दर गोळीनंतर खटका ओढावा लागत नाही, त्यामुळे गाल आणि खांदा होते तेथेच ठेवता येतात. धोका असा, की पुढची गोळी तयार असल्याने घाई होते. घाईत पकड बदलते, नळी तापते आणि ग्रुप पसरतो. म्हणून प्रत्येक गोळीपूर्वी नेम नव्याने धरायचा.

एस.एल.आर.ची गोळी सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने सुटते. हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर १०० मीटरवर ती सुमारे ७ सेंटीमीटर पडते आणि ३०० मीटरवर सुमारे ६२ सेंटीमीटर. हवेचा विरोध धरला तर याहून अधिक. अंतर तिप्पट झाले की पडणे नऊपट होते, हे विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याजोगे गणित आहे. या रायफलीच्या मागच्या साइटवर अंतराच्या खुणा का असतात, तेही त्यावरून कळते.

किती सरकवायचे?

येथे नववीचे समरूप त्रिकोण कामाला येतात. माशी आणि मागची साइट यांच्यातले अंतर समजा ५० सेंटीमीटर आहे आणि लक्ष्य २५ मीटरवर. २५ मीटर म्हणजे ५० सेंटीमीटरच्या ५० पट. म्हणून साइट १ मिलिमीटर सरकली की गोळी लक्ष्यावर ५० मिलिमीटर सरकते. सूत्र सोपे आहे: लक्ष्यावरची चूक गुणिले दोन साइटमधले अंतर, भागिले लक्ष्याचे अंतर. उत्तर येते साइट किती सरकवायची ते.

त्या मुलीच्या कागदासारखा एक कागद घेऊ. केंद्रापासून डावीकडची अंतरे: ४२, ४८, ३९, ४६ आणि ४५ मिलिमीटर. खालची अंतरे: १८, २५, २१, २७ आणि १९ मिलिमीटर. सरासरी काढली तर ग्रुपचे मध्य ४४ मिलिमीटर डावीकडे आणि २२ मिलिमीटर खाली येते. दोन्हींना ५० ने भागा. साइट आडवी ०.८८ मिलिमीटर आणि उभी ०.४४ मिलिमीटर सरकवायची. पोस्टकार्डाच्या जाडीच्या मापातली ही हालचाल, पण मुलीचे नाव यादीतून जायला ती पुरली.

एस.एल.आर.मध्ये दोन साइटमधले अंतर सुमारे ५५ सेंटीमीटर आहे. १०० मीटरवर गुणक होतो सुमारे १८२. ग्रुप ९ सेंटीमीटर खाली असेल तर माशीत बदल हवा फक्त अर्धा मिलिमीटर. इतकी बारीक हालचाल हाताने ढकलून कशी होणार? त्यासाठी स्क्रू वापरतात. या रायफलीची माशी आट्यांवर बसवलेली असते, ती फिरवून वरखाली करतात. मागच्या साइटला दोन्ही बाजूंनी एकेक स्क्रू असतो. एक सैल करायचा, दुसरा आवळायचा, म्हणजे साइट डावीउजवीकडे सरकते. स्क्रू गेजमध्ये आपण जे तत्त्व मोजण्यासाठी वापरतो, तेच येथे सरकवण्यासाठी वापरले आहे. स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा असेल, तर एक पूर्ण फेरा म्हणजे माशीची अर्धा मिलिमीटर हालचाल.

जुन्या थ्री-नॉट-थ्री ली-एनफिल्ड रायफलीत स्क्रू नव्हता. तिच्या माश्या वेगवेगळ्या उंचीच्या मिळत. एका मापातून दुसऱ्या मापात फरक इंचाच्या पंधरा सहस्रांशांचा, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटरचा. उंची बदलायची तर माशीच बदलायची, आणि डावीउजवीकडे सरकवायची तर आर्मरर खास अवजाराने ती खोबणीत ढकलत असे.

कोणत्या दिशेला?

येथे बहुतेकांची गफलत होते. नियम असा: मागची साइट गोळी जिकडे न्यायची तिकडे सरकवा, माशी मात्र गोळी जिकडे चुकते आहे तिकडे सरकवा. गोळ्या खाली लागत असतील तर माशी खाली. डावीकडे लागत असतील तर माशी डावीकडे.

हे उलटे का, ते पाठ करण्याऐवजी समजून घ्यावे. माशी खाली केली, पण नळी हलवली नाही, तर छिद्रातून पाहताना माशीचे टोक लक्ष्याच्या खाली दिसेल. नेमबाज ते पुन्हा लक्ष्यावर आणण्यासाठी काय करेल? नळीचे तोंड वर उचलेल. नळी वर, म्हणून गोळी वर. माशी गोळीला ढकलत नाही. ती नेमबाजाला नळी फिरवायला लावते.

दुसरा मोह म्हणजे साइटला हात न लावता नेमच बाजूला धरण्याचा. गोळी डावीकडे जाते ना, मग उजवीकडे धरू. झिरो करताना हे कधीही करू नये. नेम दर वेळी त्याच बिंदूवर धरला तरच ग्रुपचे मध्य साइटबद्दल काही सांगते. नेम हलवला की दोन चुका एकमेकींत मिसळतात आणि पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत.

पाच गोळ्या कशासाठी?

पहिली गोळी बाजूला लागली की लगेच साइट फिरवावीशी वाटते. पण एका गोळीवरून ही चूक विखुरण्याची की सरकण्याची, ते कळत नाही. पाच गोळ्यांची सरासरी घेतली तर विखुरण्याचा परिणाम पाचाच्या वर्गमूळाने, म्हणजे सुमारे २.२४ पटीने, कमी होतो. एकेक गोळी ३ सेंटीमीटर इकडेतिकडे जात असेल, तर पाचांचे मध्य साधारण १.३ सेंटीमीटरपर्यंत भरवशाचे होते.

दर गोळीमागे साइट फिरवत गेले तर काय होईल? अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी याचे उत्तर नरसाळ्याच्या प्रयोगाने लोकांसमोर मांडले. नरसाळ्यातून गोटी खाली टाकायची आणि ती खुणेपासून जेवढी चुकेल तेवढे नरसाळे उलट दिशेला सरकवायचे. वाटते, नेम सुधारेल. प्रत्यक्षात पसारा कमी न होता सुमारे १.४ पट होतो, कारण प्रत्येक योगायोगाचा वचपा पुढच्या गोटीवर निघतो. नरसाळे जागच्या जागी ठेवले असते तर बरे झाले असते.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. अनुभवी नेमबाजाला आपला ग्रुप माहीत असतो, त्यामुळे एक गोळीही त्याला पुष्कळ सांगते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा यांची अंतिम फेरीपूर्वीची चाचणीची गोळी चारच्या आसपास गुणांवर लागली. दहाच्या आतबाहेर खेळणाऱ्याला इतकी दूरची गोळी योगायोगाने लागत नाही. साइट हलली आहे हे त्यांनी ओळखले, ती जुळवून घेतली आणि सुवर्णपदक मिळवले. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तेही दुर्बिणीशिवाय, छिद्राच्या साइटवरच. या प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. दोन साइटमधले अंतर ८० सेंटीमीटर धरले, तर केंद्रापासून त्या वर्तुळाच्या कडेपर्यंत जायला साइटची जेमतेम ०.०८ मिलिमीटर चूक पुरते. वहीचा कागद याच्याच आसपास जाड असतो.

डोळा आणि आपल्याकडचे ऊन

आपला डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. छिद्र काही सेंटीमीटरवर, माशी हातभर पुढे, लक्ष्य २५ किंवा १०० मीटरवर. तिन्ही स्पष्ट दिसणे अशक्य. मग स्पष्ट काय ठेवायचे? माशी. कारण माशीवरची मिलिमीटरची चूक लक्ष्यावर पन्नास किंवा दोनशेपट होते, तर धूसर दिसणाऱ्या काळ्या वर्तुळाचे मध्य डोळा बऱ्यापैकी अचूक पकडतो. लहान छिद्राचाही उपयोग होतो. सूचिछिद्र कॅमेऱ्याप्रमाणे ते धूसरपणा कमी करते. चष्मा काढून मुठीच्या बारीक भोकातून फळ्यावरची अक्षरे वाचून पहा, म्हणजे पटेल.

वऱ्हाडात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे ऊन. सूर्य उजवीकडे असला की माशीची उजवी कड चमकते. डोळा त्या चमकत्या कडेलाच माशी समजून ती लक्ष्यावर आणतो, खरी माशी डावीकडे राहते आणि गोळी डावीकडे जाते. म्हणून जुने नेमबाज दिव्याची काजळी माशीवर धरतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात पडलेल्या काडतुसातली दारू जास्त वेगाने जळते आणि गोळी किंचित वर लागते. जमिनीलगतची तापलेली हवा थरथरते, त्यामुळे लक्ष्य पाण्यात असल्यासारखे हलते. अशा दुपारी झिरो करून डिसेंबरच्या सकाळी त्याच्यावर विसंबणे बरोबर नाही.

वर्गात करून पहा

हा सगळा विषय बंदुकीशिवाय वर्गात दाखवता येतो. गोळीबार फक्त अधिकृत चांदमारीवर आणि प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हायचा. आपल्याला लागेल एक फळी, पुठ्ठा, आगकाडी आणि कागद.

साधारण ६० सेंटीमीटर लांबीची फळी घ्या. एका टोकाला दोन मिलिमीटरचे छिद्र पाडलेला पुठ्ठा उभा चिकटवा. त्याच्यापासून बरोबर ५० सेंटीमीटरवर चिकणमातीत आगकाडी उभी करा. फळी टेबलावर विटांनी घट्ट दाबून ठेवा, ती हलता कामा नये. छिद्रापासून ५ मीटरवर भिंतीला कोरा कागद लावा. रुपयाएवढी काळी चकती कापून तिच्या मध्यभागी पेन्सिलचे टोक जाईल एवढे भोक पाडा.

एक विद्यार्थी छिद्रातून पाहील. दुसरा कागदावर चकती सरकवेल. चकती आगकाडीच्या टोकावर बसली की पहिला 'थांब' म्हणेल आणि दुसरा भोकातून ठिपका देईल. चकती काढून पुन्हा पहिल्यापासून, असे तीन वेळा. तीन ठिपके जोडले की एक त्रिकोण होतो. सैनिकी प्रशिक्षणात ही जुनी पद्धत आहे. त्रिकोण जेवढा लहान तेवढा नेम स्थिर.

आता आगकाडी १ मिलिमीटर डावीकडे सरकवा आणि पुन्हा तीन ठिपके घ्या. नवा त्रिकोण १ सेंटीमीटर डावीकडे पडेल, कारण येथे गुणक १० आहे. त्याचा आकार मात्र साधारण तेवढाच राहील. दोन चुका वेगळ्या आहेत हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. येथे ठिपके आगकाडीच्याच दिशेने का सरकले, आणि रायफलीत गोळी उलट दिशेने का जाते, हा प्रश्न जरूर विचारा. या फळीत नळी स्थिर आहे आणि दृष्टिरेषा फिरते. रायफलीत नेमबाज दृष्टिरेषा लक्ष्यावर ठेवतो आणि नळी फिरते. हे उत्तर मुलांकडून येईपर्यंत थांबावे.

वेगवेगळ्या विद्यार्थ्यांना त्याच फळीवर बसवले तर त्यांचे त्रिकोण थोडे वेगळ्या जागी पडतात. प्रत्येकाची पाहण्याची रीत निराळी. म्हणूनच जवान आपली रायफल स्वतः झिरो करतो; दुसऱ्याने जुळवलेल्या साइटवर विसंबत नाही.

कागद पुन्हा तपासताना

त्या दिवशी आर्मररने माशी डावीकडे आणि खाली घेतली. रायफल तीच, मुलगी तीच. दुसऱ्या पाच गोळ्यांपैकी चार काळ्यात होत्या आणि पाचवी कडेला. मग मी सकाळचे सगळे कागद पुन्हा काढले. त्या रायफलीवरून झाडलेल्या प्रत्येक मुलीचा ग्रुप डावीकडे खालीच झुकलेला होता. बाकीच्यांच्या गोळ्या इतक्या पसरल्या होत्या, की हा कल कोणाच्या डोळ्यांत भरला नाही. रायफलीची चूक दिसली ती फक्त जिचा नेम पक्का होता तिच्या कागदावर. तिचे नाव मी स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिले आणि तिला सांगितले, "नेम बरोबर होता बाई तुझा, चूक माझी झाली."

शाळेत परतल्यावर पाचवीच्या वजाबाकीच्या वह्या हाती आल्या. एका मुलाची सगळी उत्तरे चुकलेली. ४२ वजा १७, उत्तर ३५. ६३ वजा २८, उत्तर ४५. ५१ वजा ३४, उत्तर २३. आदल्या महिन्यात मी त्याला शून्य देऊन मोकळा झालो असतो. या वेळी पाहिले, तर प्रत्येक ठिकाणी तो मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होता, मग तो वर असो की खाली. हातचा घेणे त्याला कोणी नीट सांगितलेच नव्हते. दोन काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवले आणि त्याने तीनही गणिते पुन्हा केली. तिन्ही बरोबर आली.

त्याच वर्गात दहापैकी चार बरोबर असलेलाही एक मुलगा होता. त्याच्या सहा चुका सहा प्रकारच्या होत्या. त्याच्यासोबत मला दोन महिने बसावे लागले.